अमिओडारोन चालू असताना घरच्या घरी ठोक्यांवर लक्ष कसं ठेवायचं

आमच्या आबांना एएफ आहे, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन, हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरत राहतात आणि नाडी वेडीवाकडी पडते. चार वर्षं झाली अमिओडारोनची 200 ची गोळी चालू आहे, मेडिकलवाल्याकडे कॉर्डारोन म्हणूनही मिळते. या चार वर्षांत जे शिकलो, त्यातलं काही चांगलंच पोळून शिकलो, ते एका जागी लिहितेय, कारण अशा गोळ्या चालू असलेले पेशंट आता घरोघरी आहेत आणि डिस्चार्जच्या कागदावर "एक महिन्याने दाखवणे" एवढीच ओळ असते. मी डॉक्टर नाही, मुलगी आहे. डोस कमीजास्त करणं हे कार्डिओलॉजिस्टचंच काम. पण डॉक्टरांसमोर आपण दहा मिनिटं बसतो आणि बाकीचे सगळे दिवस पेशंट आपल्या घरात असतो, त्या दिवसांचं काम आपलं आहे.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. ठोके सुधारणारी गोळीच ठोके बिघडवूही शकते. 1989 साली अमेरिकेतल्या कास्ट नावाच्या अभ्यासात हे फार वाईट रीतीने समोर आलं, हार्ट अटॅक येऊन गेलेल्या लोकांना जादाचे ठोके दाबायला फ्लेकेनाइड आणि एन्केनाइड देत होते, जादाचे ठोके खरंच कमी झाले, पण गोळी घेणाऱ्यांमध्येच जास्त माणसं दगावली आणि त्या दोन औषधांचा भाग मधेच थांबवावा लागला. अमिओडारोन त्या जातीचं नाही, पण हिचा स्वभाव वेगळाच, ही चरबीत, फुप्फुसात, लिव्हरमध्ये मुरून बसते आणि बंद केल्यावर अंगातून निम्मी उतरायलाच सरासरी 50-60 दिवस लागतात. म्हणजे आजच्या चक्करीचं कारण दीड-दोन महिन्यांपूर्वी वाढलेला डोस असू शकतं. म्हणून पेशंटला बरं वाटत असताना मोजायचं, लिहायचं, म्हणजे बिघाड झाला की आपल्याकडे ताडून बघायला काहीतरी असतं. ज्याला बरा असतानाचा आकडा माहीत नाही त्याला बिघाड कळणार कसा.

गोळी चालू व्हायच्या आधीचा ईसीजी

हा कागद सोन्यासारखा जपा. पुढचा प्रत्येक ईसीजी याच्याशी ताडायचा असतो. आमचा पहिला ईसीजी आम्ही असाच फाईलमध्ये ठेवला आणि वर्षभरात तो जवळजवळ कोरा झाला, कारण ईसीजीचा कागद थर्मल असतो, एटीएमच्या पावतीसारखा, उन्हाने, उष्णतेने आणि प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये घासून घासून तो उडतो. शेजारच्या एका काकांनी तर जपून ठेवायचा म्हणून लॅमिनेशनला दिला, मशीनच्या गरमीने अख्खा कागद काळाठिक्कर होऊन बाहेर आला. तेव्हा ईसीजी काढल्या काढल्या तिथेच मोबाईलवर सरळ वरून, सावली न पाडता फोटो काढा, चारही कडा दिसायला हव्यात, आणि घरी येताना साधी झेरॉक्स मारून घ्या. झेरॉक्सवर तारीख, त्या दिवशी कुठल्या गोळ्या किती चालू होत्या हे पेनाने लिहा. हे गोळ्यांचं लिहिणं सगळेच विसरतात आणि डॉक्टर नेमकं तेच विचारतात.

ईसीजीसोबत सुरुवातीलाच थायरॉईड म्हणजे टीएसएच, लिव्हरच्या टेस्ट, पोटॅशियम, मॅग्नेशियम, क्रिएटिनिन (किडनीची टेस्ट) आणि छातीचा एक्स-रे एवढं करून घ्यायचं असतं. डोळ्यांचा आधीपासून काही त्रास असेल तर डोळ्यांचीही तपासणी. कुणी सांगितलं नसेल तर आपण होऊन विचारा, डॉक्टर रागावत नाहीत.

नाडी मोजणं

हे फुकट आहे आणि सगळ्यात कामाचं आहे, पण बहुतेक लोक चुकीचं मोजतात. 15 सेकंद मोजून चारने गुणायचं ही पद्धत एएफवाल्याला चालत नाही, कारण ठोके सारख्या अंतराने पडतच नाहीत, एका पंधरा सेकंदात 14 येतात आणि पुढच्यात 22. पूर्ण एक मिनिट मोजायचं. आबा सकाळी उठून तोंड धुतलं की चहाच्या आधी पाच मिनिटं खुर्चीत टेकून बसतात, हात मांडीवर, तळवा वर. मी तर्जनी आणि मधलं बोट त्यांच्या अंगठ्याच्या मुळाखाली, मनगटाचं हाड लागतं त्याच्या आतल्या बाजूच्या खोलगट जागेत ठेवते, हलकं, दाबलं तर नाडी बंद होते. आपला अंगठा वापरायचा नाही, अंगठ्याला स्वतःची नाडी असते आणि आपलीच मोजून बसतो. समोर सेकंदकाट्याचं घड्याळ.

आकडा झाला की तेवढ्यावर थांबायचं नाही, नाडी कशी होती तेही लिहायचं. मी तीनच शब्द वापरते: सरळ, मधेच चुकतेय, पूर्ण वेडीवाकडी. मधेच चुकतेय म्हणजे तालात चालता चालता एखादा ठोका गाळल्यासारखा होतो. वेडीवाकडी म्हणजे तालच सापडत नाही. आबांची नाडी गोळीने सरळ झालेली होती, त्यामुळे ज्या दिवशी बोटाखाली ती वेडीवाकडी लागली त्या दिवशी आकडा 84 च होता तरी मी डॉक्टरांना फोन केला, आणि ईसीजीत एएफ परत आलेला निघाला. नुसता आकडा बघितला असता तर "84 म्हणजे छान की" म्हणून सोडून दिलं असतं.

अजून एक, एएफ चालू असताना हृदयाचे काही ठोके इतके कमजोर असतात की मनगटापर्यंत पोचतच नाहीत, त्यामुळे मनगटावर 90 लागले तरी आत 110 चालू असू शकतात. डॉक्टर स्टेथोस्कोप छातीला लावून मोजतात तेव्हा त्यांचा आकडा आपल्यापेक्षा जास्त आला तर आपलं चुकलं असं समजू नका.

किती आकड्याला घाबरायचं हे तुमच्या डॉक्टरांकडून तुमच्या पेशंटसाठी लिहूनच घ्या, आमच्या वहीच्या पहिल्या पानावर त्यांच्याच अक्षरात आहे: 50 च्या खाली सलग दोन दिवस तर फोन, 45 च्या खाली किंवा कितीही असताना चक्कर आली तर त्याच दिवशी यायचं, बसल्या जागी 110 च्या वर अर्धा तास राहिली तर फोन. अमिओडारोनसोबत ठोके मंद करणारी दुसरी गोळी, म्हणजे मेटोप्रोलॉलसारखी बीटा ब्लॉकर किंवा डिल्टियाझेम, चालू असेल तर नाडी फार मंद होऊ शकते, तिथे जास्त लक्ष द्यायचं. डिजॉक्सिन, हेही हृदयाचंच औषध, चालू असेल तर ते अमिओडारोनमुळे रक्तात वाढतं, डॉक्टर त्याचा डोस बहुतेक निम्मा करतात, केला नसेल तर विचारा, आणि जेवण नकोसं होणं, मळमळ, सगळं पिवळसर दिसणं हे डिजॉक्सिन जास्त झाल्याचं लक्षण असतं, त्याला पित्त समजून घरगुती उपाय करत बसू नका.

मशीनचे आकडे

बीपीचं डिजिटल मशीन अनियमित नाडीत गोंधळतं, कधी एरर दाखवतं कधी पहिल्या आणि दुसऱ्या रीडिंगमध्ये 20 चा फरक. तीन वेळा घ्या, मधे एकेक मिनिट थांबा, सरासरी लिहा. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरमध्ये ऑक्सिजनचा आकडा कामाचा, पल्सचा आकडा सारखा नाचतो, त्यावर जाऊ नका.

घड्याळाबद्दल सगळे विचारतात. माझ्या भावाने आबांना ईसीजीवालं स्मार्टवॉच आणलं, 30 सेकंदांची एक पट्टी निघते, ती पीडीएफ करून डॉक्टरांना पाठवता येते, आणि धडधड होतेय त्या क्षणाची पट्टी हातात असणं याला खरंच किंमत आहे कारण दवाखान्यात पोचेपर्यंत धडधड थांबलेली असते. पण ती एकाच लीडची, म्हणजे हृदयाकडे एकाच बाजूने बघणारी पट्टी आहे, दवाखान्यातला ईसीजी बारा लीडचा. घड्याळाला हार्ट अटॅक कळत नाही. आणि गोळीमुळे जो क्यूटी वाढतो (ठोका झाल्यावर हृदय परत चार्ज व्हायचा वेळ, पुढे लिहिलंय) तो घड्याळ आपल्याला काढून देत नाही. तेव्हा घड्याळात "साइनस ऱ्हिदम", म्हणजे नॉर्मल ताल, आलं म्हणून ठरलेला ईसीजी चुकवू नका.

ईसीजीच्या कागदावर आपण काय बघायचं

वाचणं डॉक्टरांचं काम, पण दोन-तीन आकडे वहीत उतरवायला डॉक्टर व्हावं लागत नाही. कागदाच्या खाली बारीक अक्षरात 25 एमएम पर सेकंद असं छापलेलं असतं. म्हणजे एक छोटा चौकोन 40 मिलिसेकंद, पाच छोट्यांचा एक मोठा, 200 मिलिसेकंद. ठोके सरळ असतील तर दोन उंच टोकांमधले मोठे चौकोन मोजा आणि 300 ला त्याने भागा, चार चौकोन असतील तर 75. वेडेवाकडे असतील तर खालच्या लांब पट्टीवर 50 मोठे चौकोन म्हणजे 10 सेकंद होतात, तेवढ्यातली टोकं मोजून सहाने गुणा.

वर मशीनने छापलेल्या आकड्यांत पीआर, क्यूआरएस, क्यूटी आणि क्यूटीसी असतात. आपला मुख्य आकडा क्यूटीसी. ठोका झाल्यावर हृदयाच्या खालच्या कप्प्यांना परत चार्ज व्हायला किती वेळ लागला, तो नाडीच्या वेगाप्रमाणे जुळवून घेतलेला आकडा. पुरुषांत साधारण 450 पर्यंत, बायकांत 460 पर्यंत नॉर्मल धरतात. अमिओडारोनवर तो थोडा वाढतोच, तेवढ्याने घाबरायचं नाही, पण 500 च्या वर गेला किंवा स्वतःच्याच जुन्या आकड्यापेक्षा 60 ने वाढला तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं. कारण क्यूटी फार लांबला की टोरसाड नावाची घातक लय सुरू होऊ शकते, माणूस उभ्या उभ्या शुद्ध हरपून पडतो. अमिओडारोनवर हे सोटालॉल या ठोक्यांच्याच दुसऱ्या गोळीपेक्षा बरंच कमी होतं, पण होतं. एक अडचण अशी की एएफ चालू असताना मशीनचा क्यूटीसी फारसा भरवशाचा नसतो कारण प्रत्येक ठोक्याचं अंतर वेगळं, तिथे डॉक्टर बरेच ठोके हाताने मोजून सरासरी काढतात.

ज्यांना सोटालॉल आहे त्यांच्यासाठी क्यूटीसी हाच जीव की प्राण आकडा, सुरुवातीला आणि डोस वाढवताना हॉस्पिटलमध्ये ठेवून बघतात, आणि ती गोळी किडनीतून बाहेर जाते म्हणून क्रिएटिनिन वाढलं की गोळी अंगात साठते. फ्लेकेनाइडवाल्यांनी क्यूआरएस, म्हणजे ईसीजीतल्या उंच टोकाची रुंदी, बघायचा, तो सुरुवातीच्या आकड्यापेक्षा चौथाईने रुंद झाला तर डॉक्टर डोस कमी करतात किंवा थांबवतात.

होल्टर

होल्टर म्हणजे 24 किंवा 48 तास सलग ईसीजी नोंदवणारं छोटं मशीन, ते कमरेला, छातीला वायरी. अंघोळ नाही, छातीवर केस असतील तर ते काढतात. पण मशीनसोबत जो डायरीचा कागद देतात तो लोक कोरा परत करतात, मग धडधड झाली त्या वेळी ठोके काय करत होते हे जुळवायचं कसं? आबांना लिहायचा कंटाळा, म्हणून मी त्यांना सांगितलं, "आबा, छातीत काही वाटलं की नुसतं मला हाक मारा, वेळ मी लिहिते." जिने चढले, गोळ्या घेतल्या, झोपले, भावाशी फोनवर जोरात बोलले, सगळं वेळेसकट लिहिलं. दिवसभर खुर्चीत बसवून ठेवू नका, रोज जे करतात ते करू द्या.

आमच्यावर आलेला प्रसंग आणि बंडीतलं कार्ड

दोन वर्षांपूर्वी परगावी एका वास्तुशांतीला गेलो होतो. रात्रीपासून आबांना जुलाब आणि उलट्या. तिथल्या दवाखान्यात उलटीसाठी ऑन्डॅनसेट्रॉनचं इंजेक्शन दिलं, जुलाबाला ऑफ्लॉक्सासिनवाली गोळी. "आधीच्या काही गोळ्या चालू आहेत का" असं कुणी विचारलं नाही आणि आम्हीही सांगितलं नाही, कारण हृदयाच्या गोळीचा आणि जुलाबाचा काय संबंध असं वाटलं. दुसऱ्या दिवशी दुपारी संडासातून बाहेर येताना आबा भिंतीला धरून खाली बसले, चेहरा पांढराफटक, "अगं, डोळ्यापुढं अंधारी आली" म्हणाले. ईसीजी काढला, क्यूटीसी 512. आदल्या महिन्यात 455 होता. पोटॅशियम 2.9. एक रात्र मॉनिटरवर ठेवलं, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम सलाईनमधून दिलं. त्यात लघवीची गोळीही रोज चालूच होती, तिनेही पोटॅशियम जातं, हे आम्हाला तेव्हा कळलं.

तर क्यूटी लांबवणारी औषधं बाहेर फार सहज दिली जातात. घशाला दिलं जाणारं अझिथ्रोमायसिन आणि क्लॅरिथ्रोमायसिन, लिव्होफ्लॉक्सासिन, मॉक्सिफ्लॉक्सासिन आणि त्या घराण्यातली बाकीची, बुरशीवरचं फ्लुकोनाझोल, उलटीचं ऑन्डॅनसेट्रॉन, मानसिक आजारातलं हॅलोपेरिडॉल, डिप्रेशनसाठीचं एसिटालोप्राम. आणि डोमपेरिडोन, जे पित्ताच्या पॅन-डी मधल्या "डी" मध्ये असतं आणि आपल्याकडे घरातल्या डब्यात पडलेलं असतं, कुणालाही जळजळ झाली की काढून दिलं जातं. ही औषधं कधीच चालत नाहीत असं नाही, कधी कधी द्यावीच लागतात, पण तेव्हा डॉक्टरांना माहीत पाहिजे आणि ईसीजी बघून दिली पाहिजेत.

त्या दिवसापासून आबांच्या बंडीच्या आतल्या खिशात प्लॅस्टिकच्या पाकिटात एक चिठ्ठी असते. वर मोठ्या अक्षरात "अमिओडारोन चालू आहे. क्यूटी वाढवणारं औषध देण्याआधी ईसीजी बघा." खाली बाकीच्या गोळ्या, शेवटचा क्यूटीसी तारखेसकट, माझा आणि भावाचा नंबर. बंडी धुवायला टाकताना चिठ्ठी काढून ठेवायची सवय आईला लावलीय.

जुलाब, उलट्या किंवा दोन दिवस जेवण बंद असं झालं की ओआरएस लगेच चालू करा, त्यात पोटॅशियम असतं, आणि त्याच दिवशी पोटॅशियमची टेस्ट करा. रिपोर्टमध्ये 3.5 पासून नॉर्मल छापलेलं असलं तरी अशा पेशंटचं 4 च्या वर असलेलं डॉक्टरांना हवं असतं. ज्यांची किडनी कमजोर आहे त्यांनी मात्र शहाळ्याचं पाणी, पोटॅशियमची औषधं मनाने घेऊ नका, तिथे उलटं पोटॅशियम वाढून हृदय बंद पडू शकतं.

रक्त पातळ करायची वॉरफेरिन किंवा अ‍ॅसिट्रोम चालू असेल तर अमिओडारोन सुरू झाल्यावर पहिले दोन महिने आयएनआर (रक्त किती पातळ झालंय ती टेस्ट) वरचेवर करावी लागते, दर आठवड्याला म्हटलं तरी चालेल, कारण परिणाम हळूहळू चढत जातो आणि जुन्याच डोसला हिरड्यांतून रक्त यायला लागतं. ग्रेपफ्रूट या गोळीसोबत चालत नाही. आपल्याकडे ते फारसं कुणी खात नाही, पण गणपतीत घरोघरी येणारं पपनस त्याच्याच भावकीतलं, म्हणून आम्ही आबांना प्रसादाच्या पपनसाच्या फोडी देत नाही.

थायरॉईड आणि ठोके

हे मुद्दाम वेगळं लिहितेय कारण ठोके बिघडले की सगळे हृदयातच कारण शोधतात. 200 मिलिग्रॅमच्या एका गोळीत 75 मिलिग्रॅम आयोडीन असतं. ते गोळीत बांधलेलं असतं, थोडंच सुटतं, पण माणसाला दिवसाला लागतं 150 मायक्रोग्रॅम, म्हणजे जे सुटतं तेही गरजेच्या कित्येक पट. त्याने थायरॉईड मंदावतो किंवा भडकतो. मंदावला तर नाडी मंद, थकवा, थंडी वाजणं, बद्धकोष्ठ, आणि घरचे म्हणतात वय झालं. भडकला तर छान आटोक्यात असलेला एएफ अचानक परत येतो, भूक असून वजन उतरतं, हात थरथरतात. बीटा ब्लॉकर चालू असेल तर धडधड झाकली जाते आणि नुसतं वजनच उतरताना दिसतं. म्हणून वर्ष दोन वर्षं सरळ असलेली नाडी परत बिघडली तर गोळीचा डोस वाढवायच्या आधी टीएसएच झाली का विचारा. पहिल्या तीन महिन्यांत टीएसएच थोडी वाढलेली दिसते आणि पुढे आपोआप जागेवर येऊ शकते, तेव्हा एकाच रिपोर्टवर थायरॉईडची गोळी चालू करायची घाई नको.

वेळापत्रक आम्ही कालनिर्णयवर दुधाच्या हिशोबाशेजारीच मांडलंय: संक्रांतीच्या आठवड्यात आणि आषाढी एकादशीच्या आठवड्यात टीएसएच, लिव्हर, पोटॅशियम, क्रिएटिनिन. ईसीजी दर सहा महिन्यांनी त्याच वेळी, शिवाय कुठलीही नवी गोळी आली किंवा डोस बदलला की वेगळा. एक्स-रे वर्षातून एकदा. कोरडा खोकला किंवा नेहमीच्या जिन्याला दम लागायला लागला तर वर्षाची वाट बघायची नाही, ही गोळी फुप्फुसाला सूज आणू शकते, तो खोकला सिरप पिऊन घालवायचा नसतो. दिव्याभोवती निळसर वलय दिसतं ते डोळ्यावर साचणाऱ्या कणांमुळे, ते बहुतेकांना होतं आणि सहसा घातक नसतं, पण नजर खरोखर कमी झाली तर ताबडतोब डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. उन्हात कातडी भाजते, काही वर्षांनी राखाडी-निळी पडते, म्हणून आबा शेतात पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि टोपी घालूनच जातात.

शुद्ध हरपणं, छातीत दुखणं, झोपून दम लागणं, किंवा नाडी फार मंद आणि माणूस घामाघूम, यातलं काहीही झालं तर वही, घड्याळ सगळं बाजूला ठेवा आणि 108 ला फोन. एका बाजूची शक्ती जाणं, तोंड वाकडं होणं, बोलणं अडखळणं हेही त्यातच, एएफमध्ये गुठळी मेंदूत जायचा धोका असतो.

आणि मनाने गोळी बंद करू नका, आठ दिवस काहीच होत नाही म्हणून लोकांना वाटतं गोळीची गरजच नव्हती, ते आठ दिवस अंगात मुरलेल्या गोळीवर निघालेले असतात. डॉक्टरांनी स्वतः बंद केली तरी पुढचे कित्येक महिने ती अंगात असते, तेव्हा बंडीतली चिठ्ठी लगेच काढून टाकू नका, तिच्यावर "अमुक तारखेला बंद केली" एवढं लिहा, सकाळची नाडी चालू ठेवा आणि टीएसएच पुढचं वर्षभर ठरलेल्या वेळी करत राहा.